आवाजाचं उद्यापन

“आवाज खाली घे, कुंदे. पार गंगेपलीकडं ऐकू जातंय.” हे आईनं मला विहिरीच्या थारोळ्यावरून ओरडून सांगितलं होतं आणि तिचं ते सांगणंच गंगेपलीकडं ऐकू गेलं असणार, कारण आमच्या घरात आवाज खाली घ्या हेसुद्धा वरच्या पट्टीत सांगायची रीत होती. मखमलाबादचा मळा, चार वाफे झेंडूचे, दोन निशिगंधाचे, पलीकडं मेथी-कोथिंबीर. या टोकाच्या माणसाला त्या टोकाच्या माणसाशी बोलायचं तर गळा हेच साधन. वडील मी नऊ वर्षांची असताना गेले. राहिलो आई झुंबरबाई, थोरला सावळीरामदादा, मधली मी आणि धाकटी मोहिनी. चौघं जेवायला बसलो की वाटेनं जाणारा थांबून विचारायचा, भांडण कशावरून चाललंय. भांडण नसायचंच, कुणीतरी मीठ मागितलेलं असायचं. त्या दिवशी मात्र होतं. गिरणाऱ्याच्या गोजरामावशीकडं, म्हणजे आईच्या थोरल्या बहिणीकडं लग्न होतं आणि मला हिरव्या खणाचं पोलकं हवं होतं. आई म्हणत होती की निळं आहे ते काय वाईट आहे. मी एकोणीस वर्षांची होते आणि त्या वयात हिरव्या पोलक्यावाचून माणूस जगू शकत नाही अशी माझी समजूत होती. आवाज खाली घे म्हटल्यावर मी आणखी चढवला. म्हटलं, “तुझाच आवाज बंद होऊ दे एकदाचा, म्हणजे आम्हाला सुख लागेल!” आणि पाय आपटत गोठ्याकडं गेले. दुपारी आई झेंडूच्या सरीत पडलेली सापडली. तोंड डावीकडं ओढलेलं, उजवा हात गेलेला, आणि वाचा बंद. पुढं अकरा दिवस ती नुसती डोळ्यांनी बघत होती. आजवर देवाकडं मी पुष्कळ मागितलं. अमितला इंजिनियरिंगला जागा, यांना प्रमोशन, माझ्या गुडघ्याला उतार. सगळ्याला त्यानं वेळ लावला. एवढं एकच त्यानं त्याच दिवशी, दुपारच्या आत दिलं.

तेराव्याला रामकुंडावर ओंजळीत पाणी घेतलं आणि मनात म्हटलं, यापुढं चढ्या आवाजात बोलणार नाही. किती दिवस, ते सांगायचं राहून गेलं. सोळा सोमवार म्हटलं की सोळा, चातुर्मास म्हटलं की चार महिने. या व्रताला मुदतच घातली नव्हती, त्यामुळं ते सत्तावीस वर्षं चाललं आणि लोक त्याला माझा स्वभाव म्हणू लागले. हे मला बघायला आले तेव्हा मी पोह्यांची बशी ठेवून “घ्या” म्हटलं, ते कुणालाच ऐकू गेलं नाही. तेवढ्यावर सासूबाईंनी होकार दिला. मळ्यातली पोरगी इतकी गरीब गाय निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं. रिक्षावाले मला भलतीकडंच नेऊन सोडतात. अमित पुण्याच्या होस्टेलवरून फोन करतो तेव्हा पहिली दोन मिनिटं “आई, लाईन खराब आहे, जोरात बोल” यातच जातात. भजनी मंडळात मला झांज देऊन ठेवली आहे. पण बायका येतात. सून नीट वागत नाही म्हणून येतात, नवरा पितो म्हणून येतात, माझ्यासमोर चहा घेतात आणि जाताना म्हणतात, “कुंदनताई, तुमच्याकडं आलं की कसं शांत वाटतं. आम्हाला नाही हो जमत.” मी मान खाली घालते. आतून बरं वाटतं. बरं वाटणं हे पापच, म्हणून संध्याकाळी दिव्यात एक पळी तेल जास्त घालते. सोमवारी अळणी, मंगळवारी देवीचा उपास, चतुर्थी, एकादशी, श्रावणात एकभुक्त. आणि गेल्या दोन वर्षांपासून आणखी एक गोष्ट होती, जी मी कुणालाही, यांनासुद्धा, सांगितली नव्हती. पहाटे देवासमोर डोळे मिटून बसले की उजव्या कानात एक नाद ऐकू यायचा. धप्. धप्. धप्. दूर कुठंतरी कुणी ओलं धुणं दगडावर आपटतंय तसा. प्रवचनात ऐकलेलं होतं की साधना वाढली की न वाजवता वाजणारा नाद ऐकू येतो. माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईला तो यावा, हिरावाडीतल्या दोन खोल्यांत यावा, शेजारी कुकर चालू असताना यावा. मी हात जोडायचे आणि डोळ्यांतून पाणी यायचं.

नव्याण्णव साली मार्गशीर्षात आमच्या हिरावाडीतल्या दत्तमंदिराच्या मंडपात फुकट तपासणीचं शिबिर भरलं. मी नैवेद्य घेऊन गेले होते, तपासणीला नव्हे. पण टेबलामागची पोरगी “मावशी, बसा ना, दोनच मिनिटं” म्हणाली आणि मला नाही म्हणता येत नाही. म्हणजे म्हणता येतं, पण ऐकू जात नाही. तिनं दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला. मग म्हणाली, “मावशी, जिना चढून आलात का?” मी म्हटलं, “इथं जिना कुठाय?” ती म्हणाली, “काय?” तिसऱ्यांदा पट्टा फुगवताना तिनं डॉक्टरांना खुणावलं. डॉक्टर म्हणजे दीपमाला नावाची पंचविशीतली मुलगी, दोन वेण्या घातल्या असत्या तर शाळेत शोभली असती. तिनं आकडा सांगितला, एकशे बहात्तर आणि एकशे चार. मला वाटलं हा माझ्या रांगेचा नंबर आहे. शेजारच्या खुर्चीवर आमच्या गल्लीतल्या यशोदाबाई होत्या. त्या भांडायला लागल्या की पाण्याचा टँकर माघारी जातो. त्यांनी ऐकलं. “कुंदनताईंना बीपी? अहो मग मला काय असायला पाहिजे!” म्हणून त्यांनी उत्साहानं दंड पुढं केला. एकशे वीस, ऐंशी. त्या इतक्या खट्टू झाल्या की मशीन बदला म्हणाल्या. आणि मी, नैवेद्याची वाटी मांडीवर धरून, त्या मंडपात अशी बसले होते जशी वर्गात हुशार म्हणून नाव असलेली मुलगी कॉपी करताना सापडल्यावर बसते. डॉक्टर दीपमालानं विचारलं, डोकं दुखतं का, चक्कर येते का, कानात काही ठोके वगैरे ऐकू येतात का. ‘वगैरे’ म्हणाली ती. मी विचारलं, “धप् धप् असे?” “हो, तसेच. रक्ताचा दाब जास्त असला की काहींना स्वतःची नाडी ऐकू येते.” दत्तगुरू समोरच होते. त्यांच्याकडं बघायचं धाडस झालं नाही. दोन वर्षं मी माझ्याच नाडीला उदबत्ती ओवाळत होते.

मग तिनं तो प्रश्न विचारला. “आई-वडील आहेत? आई कशानं गेल्या?” फॉर्मवर त्यासाठी बोटभर जागा होती. मी म्हटलं, “अर्धांगानं.” आत मात्र नेहमीचं उत्तर उमटलं, जे सत्तावीस वर्षं उमटतं आणि बाहेर येत नाही: माझ्यामुळं. तिचे डोळे चमकले. म्हणाली, आम्ही अशाच घराण्यांचा अभ्यास करतोय, ज्यांच्यात आई किंवा वडील दाबानं, अर्धांगानं गेले. रक्तातच काही खुणा असतात, आजार व्हायच्या कितीतरी आधीपासून, आईकडून मुलांकडं आलेल्या. तुमच्या भावंडांना आणाल? मला आमच्या घराण्याच्या खुणा माहीत होत्या. पायाच्या अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब, कानशिलावर तीळ, आणि गळा. रक्तातही काही लिहिलेलं असतं हे ऐकून मी घरी जाईपर्यंत एकच विचार करत होते: जर ते आधीपासून लिहिलेलं होतं, तर मग मी काय केलं? आणि लगेच त्या विचाराची लाज वाटली. पापातून पळवाट काढायला बघतेस का, कुंदे?

हे ओझरला विमानांच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला आहेत. आयुष्यभर मोजमापं घेतलेला माणूस. आकडा ऐकून म्हणाले, “म्हणजे तू टॉलरन्सच्या बाहेर गेलीस.” मग पहिल्यांदाच चहाची कपबशी स्वतः विसळली, त्यावरून मला कळलं की घाबरलेत. तपासणीसाठी आधी चोवीस तासांची लघवी साठवायची होती, पाच लिटरच्या पांढऱ्या कॅनमध्ये. दिला तो दिवस संकष्टीचा. आता सोवळं आणि कॅन यांची सांगड कशी घालायची हे कुठल्याही पोथीत दिलेलं नाही. यांनी कॅनवर लाल रंगात ‘हात लावू नये’ लिहिलं, खाली तारीख आणि सुरुवातीची वेळ घातली, सही केली. न्हाणीच्या कोपऱ्यात तो कॅन दिवसभर असा बसून होता जसा घरी आलेला मोठा पाहुणा. एकवीस दूर्वांपैकी चौदा वाहून झाल्या होत्या आणि मला उठावं लागलं. परत येऊन हात-पाय धुऊन पहिल्यापासून मोजायला लागले. सोळाव्या दूर्वेला पुन्हा. गणपतीला सगळं कळतं, पण त्याच्यासमोर मी इतकी हिशेबी कधी वागले नव्हते. चंद्रोदयाला घाटावरच्या देवळात जायचं तर कॅन बरोबर न्यायचा का, असं मी यांना विचारलं. हे म्हणाले, “नियम म्हणजे नियम. थेंब चुकला तर रीडिंग चुकलं.” त्या संकष्टीला मी चंद्र गच्चीतूनच पाहिला.

गंगापूर रोडला डॉक्टर लोकांनी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. तिथं आम्ही तिघं भावंडं लग्नकार्य नसताना एकत्र जमलो, बऱ्याच वर्षांनी. दादा आता पन्नाशीचा, फुलबाजारात अजून गाळा चालवतो. आला तो हातात दोन पिशव्या घेऊन. त्याच्या नव्हत्या. बसमधून उतरताना एका म्हातारीच्या घेतल्या आणि म्हातारी मागून येतच होती. दादाचं हे असंच आहे. कुणाच्या हातात ओझं दिसलं की तो ते काढून घेतो. एकदा सीबीएसच्या एस.टी. स्टँडवर एका माणसाची ट्रंक याच्या डोक्यावर दिसली म्हणून लोकांनी चोर समजून धरला, एकदा हमालांनी तुझा बिल्ला दाखव म्हणून धरला. मोहिनी आली ती दारातूनच बोलत. “बाई बाई बाई, कुंदे, किती गं वाळलीस, हा डॉक्टरणीचा जिना आहे का गडाच्या पायऱ्या, आणि सुई मोठी नाही ना?” मोहिनीचा आवाज आईचा. डोळे मिटून ऐकलं तर अंगावर काटा येतो. रक्त घेताना ती ओरडली, मग पट्टा बांधताना आधीच ओरडली. नंतर बर्फाच्या पाण्यात हात बुडवून ठेवायचा होता एक मिनिट, दाब किती चढतो ते बघायला. मोहिनीनं हात घातला आणि “अगं आई गं, मेले मेले मेले” अशी सुरुवात केली की खालच्या झेरॉक्सवाल्यानं वर येऊन विचारलं. तिचा दाब आठानं वाढला. मी हात घातला. पौषातल्या पहाटे रामकुंडात उतरावं तशी कळ कोपरापर्यंत गेली, खांद्यात, दातांत. मी डोळे मिटले, नाम घेतलं, हूं की चूं केलं नाही. दाब छत्तिसानं चढला. डॉक्टर दीपमाला काचेच्या नळीकडं बघत म्हणाली, “ताई, तुम्ही ओरडला असतात तरी चाललं असतं हो.” चाललं असतं! जणू ते एक बटण आहे.

महिन्याभरानं निकाल सांगायला पुन्हा तिघांना बोलावलं. त्या महिन्यात गोळी सुरू झाली होती आणि कानातला नाद हळूहळू मंद होत गेला होता. गुरुपौर्णिमेनंतर मठ रिकामा व्हावा तसं पहाटे वाटायचं. डॉक्टर दीपमालानं तीन कागद समोर मांडले. माझा पहिला उचलला. “ताई, तुमच्या लघवीतून दिवसाला तेरा ग्रॅमच्या वर मीठ जातंय. त्या दिवशी काय खाल्लंत?” मी म्हटलं, काहीच नाही, संकष्टी होती. “काहीच नाही?” साबुदाण्याची खिचडी. “आणखी?” बटाट्याचा कीस. उपासाचा चिवडा, मूठभर. वेफर्स, ते बटाट्याचेच. दाण्याची आमटी. उपासाचं लिंबाचं लोणचं. “आणि मीठ?” मी दुखावले. म्हटलं, “अहो, उपासाला मीठ कसं खाईन? सैंधव.” ती दोन क्षण माझ्याकडं बघत राहिली, अगदी प्रेमानं, जसं आपण बाहुलीला भात भरवणाऱ्या पोरीकडं बघतो. “ताई, रक्ताला सैंधव वेगळं कळत नाही.” मी सांगितलं की सोमवारी तर मी अळणीच असते. पण सांगता सांगताच मला रविवारची संध्याकाळ आठवली. उद्या अळणी म्हणून दोन पापड जास्त. आणि मंगळवारी उपासाचे, काल अळणी होतं म्हणून. आठवड्यातून दोन दिवस मी देवासाठी मीठ सोडत होते आणि सातही दिवस माझं शरीर खारवलेल्या कैरीसारखं मुरत होतं.

“आता गंमत अशी,” डॉक्टर दीपमाला म्हणाली, “की खूण तुम्हा तिघांच्याही रक्तात आहे. लाल पेशींमधून मिठाची ने-आण किती भराभर होते ते आम्ही मोजतो. तिघांचाही वेग जास्त. एकाच घराण्याची सही आहे ही. खूण म्हणजे आजार नव्हे, नुसता धोका. पण मग या दोघांचा दाब ठणठणीत आणि तुमचाच वर, असं का?” तिनं मोहिनीचा कागद घेतला. “आमच्या यादीत एकशे चाळीस माणसं आहेत. त्यांत सगळ्यात कमी मीठ तुमचं. कुणी सांगितलं होतं का?” मोहिनीच्या हातचं अळणी ही आमच्या सगळ्या नातलगांतली थट्टेची गोष्ट. तिचा नवरा कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीत मीठ घालून खिशात बाळगतो. सासरच्यांनी बोलून बघितलं, शिकवून बघितलं, शेवटी ताटाताटात मिठाची वाटी ठेवायला लागले. मोहिनीनं पदर तोंडाला लावला. “त्या दिवशी सकाळी पिठलं मी केलं होतं. मला वाटलं मीठ घालायचं राहिलं, म्हणून परत घातलं. दोनदा पडलं. आई म्हणाली, फेकायचं नाही अन्न, आणि तिनं ते सगळं एकटीनं खाल्लं. दुपारी पडली. मी बारा वर्षांची होते गं, कुंदे. तेव्हापासून मीठ घालायला घेतलं की हात आखडतो.”

पण दादानं टेबलावर थाप मारली. “काय बी बोलती! पिठल्यानं माणूस मरतं व्हय? आईला म्या मारली.” तो सांगत होता आणि मला त्याच्या हातातल्या पिशव्या दिसत होत्या, ट्रंका, टोपल्या, सत्तावीस वर्षांची दुसऱ्यांची ओझी. त्या दिवशी फुलांची पाटी बाजारात त्यानं न्यायची होती. तो सायकल घेऊन सिनेमाला पळाला. आईनं भर उन्हात पाटी वेशीपर्यंत डोक्यावर नेली आणि परत येऊन सरीत वाकली. “तवापासनं कुणाच्या डोक्यावर वझं बघवत नाय मला.” डॉक्टर दीपमाला लिहीत होती, “म्हणजे रोजचा भरपूर व्यायाम.” मोहिनी उसळली. “पाटी काय रे पाटी, बारा किलोची! आई दोन-दोन पाट्या न्यायची. मीठ होतं ते, डॉक्टरांना विचार!” “तू गप, तुला काय कळत होतं तवा?” “मला कळत नव्हतं आणि तुला सिनेमा कळत होता!” वाटणीत विहीर कुणाची म्हणून भांडावं तसे ते आईच्या मरणावर हक्क सांगत होते. माझा एकुलता एक ठेवा, जो मी देवाशिवाय कुणाला दाखवला नव्हता, तो हे दोघं भर दवाखान्यात आपापल्या नावावर करून घेत होते. माझ्या कानात एकदम धप् झालं. आणि मग कुणीतरी ओरडलं.

“गप्प बसा दोघं! माझ्यामुळं गेली ती! मी म्हटलं होतं तिला, तुझा आवाज बंद होऊ दे!”

खिडकीची काच थरथरली हे मी नंतर ऐकलं. खालचा झेरॉक्सवाला यावेळी वर आलाच नाही, तो थेट रस्त्यावर पळाला होता. दादा आ वासून बघत होता. मोहिनी रडायची थांबली. ती इतकंच म्हणाली, “अगं बाई. आईच.” माझा घसा खरवडल्यासारखा जळत होता आणि जिभेवर लोखंडाची चव होती, आणि खांद्यावरून काहीतरी उतरलं होतं, दादानं नेहमीसारखं न विचारता उचललं असावं तसं. डॉक्टर दीपमालानं उठून मला पाणी दिलं, पाच मिनिटं बसवलं आणि पट्टा बांधला. आकडा बघून भुवया वर केल्या. आल्याआल्या होता त्याच्यापेक्षा बारानं कमी. घाईघाईनं म्हणाली, “यावरून काही सिद्ध होत नाही हं. हे मी कागदावर लिहिणार नाहीये.”

मग ती तिघांशी बोलली, मास्तरीण न होता. एका पिठल्यानं, एका पाटीनं, एका वाक्यानं असं होत नाही. आईंचा दाब कुणी कधी मोजला होता? नाही. बहुतेक कितीतरी वर्षं वाढलेला असणार, आणि नक्की सांगता मलाही येणार नाही. “त्यांचं डोकं दुखायचं का?” आम्ही एकमेकांकडं बघितलं. आई दुपारची कपाळाला लुगड्याची चिंधी करकचून बांधायची. आम्हाला वाटायचं घाम डोळ्यांत जाऊ नये म्हणून. कधीपासून बांधायची? दादाला आठवत होतं तेव्हापासून. त्याआधीचं कुणाला माहीत? आईच्या पाठचं-पुढचं आता एकच माणूस होतं, गिरणाऱ्याची गोजरामावशी, ऐंशीच्या घरातली. डॉक्टर दीपमाला खुर्चीतून अर्धी उठली. “आईंची सख्खी बहीण आहे? मग त्यांचं रक्त आणि चोवीस तासांचा कॅन मिळाला तर ही सही वरून आलीय का ते बघता येईल. आणायला जाल कुणी?” दादा म्हणाला, “माझं नाव काढू नका. मागं लग्नात तिचं गाठोडं उचलून म्या गाडीत ठिवलं, गाडी निघाली भलतीच, पेठची. तवापासनं बोलत नाय.” मोहिनीकडं ती एकदा जेवली होती. अळणी वाढून आपला अपमान केला असं समजून ती ताटावरून उठली, तेव्हापासून त्यांचंही बंद. “आन् तसंबी तिला ऐकू येत नाय,” दादा म्हणाला. “कानाशी जाऊन बोंब मारावी लागती.” दोघं माझ्याकडं बघायला लागले. मावशी मला बघते तेव्हा दरवेळी गालावरून हात फिरवून लोकांना सांगते, “झुंबरच्या मागं ही पोरगी मुकी झाली.” मी डॉक्टर दीपमालाला म्हटलं, “मी जाईन. पुढच्या मंगळवारी.” तिला पहिल्याच खेपेला ऐकू गेलं.

वचन दिलं खरं, पण व्रताचं काय? दवाखान्यात जे झालं ते व्रत मोडणं होतं, त्याचं प्रायश्चित्त घेता येईल. पण ठरवून, एस.टी.त बसून, तिकीट काढून ओरडायला जायचं? पंचवटीत आमच्या महादेवाचे गुरव आहेत, जुने. त्यांना विचारलं, मुदत न घातलेलं व्रत सोडावं कसं? ते म्हणाले, “चांगलं झालेलं व्रत सोडत नाहीत, बाई. पुरं करतात. उद्यापन करायचं. ज्याच्या नावानं धरलं त्याच्या घरचं कुणी असेल तर त्याला वाण द्यायचं आणि जे सोडलं होतं ते त्याच्यापुढं पहिल्यांदा घ्यायचं. काय सोडलं होतंत? वांगं?” मी सांगितलं. त्यांनी कानामागं हात धरला. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर ते हसले नाहीत, पिंडीवरचं एक बेलपान माझ्या हातावर ठेवलं.

मंगळवारी सकाळी देवीची पूजा झाली. उपासाला नुसतं दूध आणि एक केळं घेतलं. बरण्या माळ्यावर गेल्या आहेत, चिवड्याची, वेफर्सची, लोणच्याची, त्या मोहिनीनं येऊन स्वतः चढवल्या. पहाटे डोळे मिटून बसले तेव्हा कानात काही नव्हतं, नुसती पहाट होती. सवयीनं थोडा वेळ वाट बघितली. हे दाढी करत होते. रात्रीच त्यांनी नव्या कॅनवर लाल रंगात ‘श्रीमती गोजराबाई’ असं लिहून सही करून ठेवलं होतं. तो पिशवीत घातला, त्याच्यावर वाणाचा खण ठेवला. शालिमारच्या दुकानात काल मी अर्धा तास घालवला होता. दुकानदारानं निळा चांगला आहे म्हणून सांगितलं, पण मी हिरवाच घेतला. मावशीच्या कानात पहिलं काय म्हणायचं ते ठरलं होतं. दोन दिवस ते मी जपासारखं मनात घोळवत होते: मावशी, आईचं डोकं कधीपासून दुखायचं? ती काय सांगेल ते मला माहीत नव्हतं. लहानपणापासून म्हणेल, किंवा म्हणेल, कधीच नाही. विचारायचं मात्र होतं. चपला घातल्या, देवाकडं एकदा बघितलं आणि हळूच घसा खाकरून पाहिला, आहे का म्हणून. होता. मग नेहमीसारखंच, कडीचा आवाज होऊ न देता दार ओढून घेतलं आणि गिरणाऱ्याची गाडी गाठायला निघाले.